पायरी ४५ सेंटिमीटर खोल, झाडे १० सेंटिमीटर पाण्याची: पुण्यातल्या एका अंगणतळ्याचे प्रकरण

पुण्यातल्या एका बंगल्याच्या मागच्या अंगणातले हे तळे. लांबी ३.६ मीटर, रुंदी २.४ मीटर, मध्यभागी खोली ७५ सेंटिमीटर. चारही बाजूंनी ३० सेंटिमीटर रुंदीची पायरी आहे. काठावरच्या झाडांच्या कुंड्या ठेवता याव्यात म्हणूनच ती सोडलेली, पण पाण्याच्या पातळीपासून ती ४५ सेंटिमीटर खाली आहे. आत शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. पाणी भरते सुमारे ५,५०० लिटर. दक्षिणेला व्हरांडा, नैर्ऋत्येला जुना कडुनिंब, उत्तरेला कंपाउंडची भिंत. ऊन दिवसाला पाच-सहा तास. पाण्यात आठ गोल्डफिश आणि डासांसाठी सोडलेले गप्पी.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पायरीवर एका दमात १४ कुंड्या ठेवल्या गेल्या: कर्दळ ३, वेखंड ३, पाणकणीस २, छत्री गवत (नर्सरीत ज्याला अम्ब्रेला पाम म्हणतात ते) २, ‘ब्राह्मी’ २ आणि ऑनलाइन मागवलेले पिवळे आयरिस २. रोपे नर्सरीच्या २५ सेंटिमीटरच्या काळ्या प्लास्टिक कुंड्यांत होती आणि तशीच पाण्यात उतरवली. कुंडीत कोकोपीट, गांडूळखत आणि थोडे शेणखत.

मेच्या अखेरीस चित्र असे होते. वेखंडाच्या तीनपैकी दोन कुंड्या मेलेल्या, गड्डा दाबला की बोटाखाली लगदा. आयरिस दोन्ही गेलेले. एक ‘ब्राह्मी’ नाहीशी, दुसरीच्या दोन-तीन फिकट काड्या उरलेल्या. कर्दळ जिवंत, पण वळवाच्या पहिल्याच वाऱ्यात तिन्ही कुंड्या आडव्या होऊन दोन तळाशी गेलेल्या. छत्री गवत ठीकठाक. पाणकणीस मात्र जोरात: कुंडीच्या भोकांतून बाहेर पडून त्याचे पांढरे कोंब पायरीवर कागदाला चिकटून दीड मीटर पुढे गेलेले. पाणी मटारच्या सूपासारखे हिरवे आणि पहाटे गोल्डफिश पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असत.

मालकांचा समज असा की ‘रोपे कमजोर होती’. रोपांत फारसे काही वावगे नव्हते. चुका चार होत्या आणि एकीतून दुसरी निघत गेली.

पहिले मोजमाप

काठावरच्या झाडाच्या चिठ्ठीवर ‘पाणी ० ते १० सेंटिमीटर’ असे लिहिलेले असते. हा आकडा तळ्याच्या खोलीचा नाही आणि पायरीच्या खोलीचाही नाही. कुंडीतल्या मातीच्या वर किती पाणी उभे आहे, तेवढाच त्याचा अर्थ. फूटपट्टी कुंडीतल्या मातीवर टेकवायची आणि पाण्याचा वरचा काठ जिथे येतो तो आकडा वाचायचा.

इथे पायरी ४५ सेंटिमीटर खाली, कुंडीतली माती तळापासून २२ सेंटिमीटर उंच. म्हणजे प्रत्येक झाडाच्या मानेवर (देठ मातीतून वर येतो तिथे) २३ सेंटिमीटर पाणी. वेखंडाला हवे ० ते १०, मंडूकपर्णीला (दोन ‘ब्राह्मी’पैकी एक) जेमतेम ओल, कर्दळीला १० च्या आत. अशा हिरव्या पाण्यात २३ सेंटिमीटर मानवेल असे त्या चौदांत एकच होते, पाणकणीस. त्यामुळे तेच फोफावले यात नवल नाही.

जास्त पाण्याने झाड मरते ते का, हे समजले की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. पाणथळ जागी मातीत हवा नसते. म्हणून या झाडांच्या पानांत आणि देठांत पोकळ नळ्यांसारखी रचना असते आणि तिच्यातून वरची हवा मुळांपर्यंत पोचते. पान पाण्याच्या वर असेल तोवर ही सोय चालते. नव्याने विभागलेल्या, पाने छाटलेल्या वेखंडाचा कोंब पाच-सात सेंटिमीटरचा असतो. त्याला २३ सेंटिमीटर वर यायचे तर गड्ड्यातला साठा वापरून वाढावे लागते. डिसेंबरात पुण्याची रात्र १०-१२ अंशांवर जाते, वाढ जवळपास थांबते, साठा संपतो आणि गड्डा कुजतो. छत्री गवत वाचले ते मोठे शहाणे म्हणून नव्हे. विकत घेतानाच त्याच्या काड्या ७० सेंटिमीटर उंच होत्या, त्यामुळे ते एक दिवसही पूर्ण बुडाले नाही.

‘ब्राह्मी’ दोन होत्या

नर्सरीत ब्राह्मी या एकाच नावाने दोन वेगळी झाडे मिळतात. गोल, मूत्रपिंडाच्या आकाराची, कंगोरेदार कडेची पाने असलेली ती मंडूकपर्णी. लहान, जाडसर, लांबट पाने आणि पांढरी-फिकट जांभळी फुले असलेली ती जलब्राह्मी, म्हणजे बाकोपा मोनिएरी. पहिलीला सतत ओल हवी, पण मानेवर उभे पाणी चालत नाही. तीच नाहीशी झाली. दुसरी खरे तर पूर्ण बुडूनही जगते, मत्स्यालयात लोक ती लावतात. पण हिरव्या पाण्यात २३ सेंटिमीटरखाली उजेडच पोचत नव्हता, म्हणून तिच्या काड्या फिकट पडून लांबत गेल्या. विकत घेताना नाव विचारू नका, पान बघा.

वेखंडाबाबतही असाच एक घोटाळा होतो. काष्ठौषधींच्या दुकानातला बाळगुटीचा वेखंड सुकवलेला असतो. तो लावून उगवत नाही. ताजा, हिरवट-गुलाबी कोंब दिसणारा गड्डाच घ्यावा. पान चुरगाळले की वास येतो, ती खूण पक्की.

पिवळा आयरिस घेतला गेला तो परदेशी याद्या वाचून. इंग्लंडातल्या तळ्यांच्या याद्यांत पिवळा आयरिस, मार्श मॅरिगोल्ड, फरगेट-मी-नॉट हे हटकून असतात. ही थंड हिवाळ्याची झाडे. मार्श मॅरिगोल्ड आपल्या देशात हिमालयात वाढते, दख्खनच्या एप्रिलात नाही. आयरिसच हवा असेल तर लुइझियाना जातीचे संकर उष्णतेत बरे टिकतात. पण एवढी धडपड करण्यापेक्षा इथे रुळलेली आठ-दहा झाडे नीट वाढवावीत, हे आमचे स्पष्ट मत. आणि रोपांच्या हौसेने कास पठाराकडे पाहू नये. तिथली गेंदासारखी फुले कातळावरच्या उथळ पाण्यात एका पावसाळ्यापुरती जगतात, अंगणात आणली तर मरतात, शिवाय ती उचलणे हा नुसता अपराध.

कर्दळ का पडली: वजनाचा हिशेब

ही चूक सगळ्यात जास्त जणांकडून होते आणि सगळ्यात कमी बोलली जाते. पाण्यात ठेवलेल्या वस्तूचे वजन तिने बाजूला सारलेल्या पाण्याइतके कमी होते. एक लिटर भिजलेले कोकोपीट-खताचे मिश्रण भरते सुमारे १.१ किलो. पाण्यात त्याचे उरते १०० ग्रॅम. म्हणजे १० लिटरची कुंडी पाण्याखाली जेमतेम एक किलोची. वर सव्वा मीटर उंच कर्दळ, रुंद पाने, आणि मेमधला वळवाचा वारा. पडणारच.

तीच कुंडी चिकणमाती आणि वाळूने भरली तर लिटरमागे भिजलेले वजन १.८ ते १.९ किलो होते आणि पाण्यात ८०० ते ९०० ग्रॅम उरते. आठ-नऊपट फरक. शिवाय कुंडीचा तळ रुंद असला तर झाड हलत नाही. साधा अंदाज असा: कुंडीची रुंदी झाडाच्या पूर्ण उंचीच्या किमान एक तृतीयांश असावी. १.२ मीटरच्या कर्दळीला ४० सेंटिमीटरचा टब. २५ सेंटिमीटरची कुंडी ७५ सेंटिमीटरपर्यंतच्या झाडाला ठीक.

हलक्या मिश्रणाचा दुसरा तोटा पाण्यात दिसला. गांडूळखत आणि शेणखतातले नत्र-स्फुरद सरळ पाण्यात उतरले आणि सूक्ष्म शेवाळाला मेजवानी मिळाली. उरलेले सेंद्रिय द्रव्य बुडालेल्या कुंडीत हवेशिवाय कुजते. मेलेल्या वेखंडाची कुंडी उपसली तेव्हा माती काळीकुट्ट आणि सडक्या अंड्याचा वास, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. रात्री शेवाळही प्राणवायू खाते, कुजणेही खाते, म्हणून पहाटे मासे वर येतात. गोल्डफिशचे तोंड उघडझाप करणे आणि कुंडीतले शेणखत यांचा असा थेट संबंध आहे.

जूनमधली दुरुस्ती

नवी लागवड जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धरली. उष्णता भरपूर, ऊन सौम्य झालेले, पातळी पावसाने आपोआप राखलेली. दुसरा चांगला काळ फेब्रुवारीअखेर ते मार्च. डिसेंबर-जानेवारीत यातले काहीही लावू नये.

आधी पाणी निम्म्याने उपसले. हिरवे पाणी बागेतल्या झाडांना दिले, खतच आहे ते. मासे मोठ्या टबात, एअर पंप लावून, सावलीत. सगळ्या कुंड्या बाहेर. पाणकणसाचे कोंब हाताने सोडवले. ओढून नाही, कारण त्याची टोके अणकुचीदार असतात आणि ओढताना कागदाला भोक पडते. दोन ठिकाणी कागदावर टोचल्याच्या खुणा होत्या, सुदैवाने आरपार नव्हत्या.

माती अशी केली: शेतातली काळी माती २ भाग, लाल माती १ भाग, धुतलेली जाड वाळू १ भाग. शेणखत-गांडूळखत शून्य. काळी माती वजन आणि अन्नद्रव्ये धरून ठेवायला. लाल मातीतले लोहाचे संयुग स्फुरद पकडून ठेवते, त्यामुळे तो पाण्यात कमी उतरतो. वाळूमुळे माती पुढच्या विभागणीच्या वेळी मुळांपासून सुटते, नाहीतर नुसती काळी माती विटेसारखी बसते. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) चालते, पण तिची पूड पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायची.

शेतातली माती आणताना दोन गोष्टी विचारायच्या. मागच्या हंगामात तणनाशक मारले होते का? मारले असेल तर ती माती नको. आणि तिच्यात लव्हाळ्याच्या गाठी आहेत का? १० मिलिमीटरच्या चाळणीतून चाळली तर बहुतेक गाठी वर राहतात, बारीक निसटतात. त्या निसटलेल्यांचे पुढे काय झाले ते येईलच.

माती ओळखायची सोपी चाचणी: काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, झाकण लावून जोरात हलवायचे आणि दिवसभर ठेवायचे. वर तरंगणारा थर जाड असेल तर सेंद्रिय कचरा जास्त आहे. तळाशी नुसती वाळू आणि पाणी लगेच नितळ, तर माती फार हलक्या प्रतीची. मध्ये जाड, सलग चिकट थर आणि पाणी बराच वेळ गढूळ, ही आपल्याला हवी ती.

कुंड्या म्हणून बिनभोकांचे प्लास्टिक टब घेतले. जाळीच्या टोपल्या मिळतात, पण त्यांतून माती झिरपते आणि मुळे बाहेर येतात. आतून गोणपाट लावले तर ते साधारण वर्षभरात कुजते. बिनभोकांच्या टबाला एक तोटा आहे आणि तो स्वीकारायचा: आतले झाड अन्न टबातल्या मातीतून घेते, तळ्यातल्या पाण्यातून फारसे नाही. कुंडीतली झाडे लावली म्हणजे पाणी आपोआप शुद्ध होईल ही अपेक्षा म्हणूनच फोल ठरते. पाण्यातली अन्नद्रव्ये उचलायला हवी असतील तर छत्री गवत किंवा वेखंड मातीशिवाय, नुसत्या खडीत, पंपाचे पाणी जिथे पडते तिथे लावावे. इथे पंपाच्या धबधब्याच्या तोंडाशी तसे एक ठेवले.

कोण कुठे, किती विटांवर

पायरी तोडून उथळ करणे शक्य नव्हते, म्हणून कुंड्या उचलल्या. पक्क्या भाजलेल्या, ७.५ सेंटिमीटर जाडीच्या विटा वापरल्या. कच्ची वीट पाण्यात सहा महिन्यांत चिखल होते. नवा सिमेंट ब्लॉक चुना सोडतो आणि पाण्याचा सामू (पीएच) वाढवतो, माशांना ते घातक. विटा आधी दिवसभर भिजवल्या. प्रत्येक चळतीखाली उरलेल्या शेततळ्याच्या कागदाची दुहेरी घडी.

टब २० सेंटिमीटर उंच, त्यात माती आणि खडी धरून पृष्ठभाग १८ वर. म्हणजे विटांशिवाय वर २७ सेंटिमीटर पाणी, एका थरावर १९.५, दोनांवर १२, तिनांवर ४.५. एवढा हिशेब कागदावर मांडला की जागावाटप अर्ध्या तासात होते.

वेखंड तीन थरांवर. ३५ सेंटिमीटरच्या टबात तीन गड्डे, आडवे, पाठ उघडी राहील असे, कोंबाचे टोक मोकळ्या जागेकडे. वेखंड पुढे सरकत वाढतो. टबाच्या भिंतीकडे तोंड करून लावला तर तीन महिन्यांत काठ ओलांडतो. पूर्ण गाडला तर कुजतो.

छत्री गवत दोन थरांवर. जुन्या दोन कुंड्यांतली मुळे धुऊन, करवतीने चार भाग करून, बाहेरच्या कडेचा तजेलदार भाग घेतला. मधला जून भाग टाकून दिला. नवीन रोपे करायची तर काडीचे शेंड्याचे छत्र पाच सेंटिमीटर देठासह कापून, पाने निम्मी छाटून, पाण्यात उलटे तरंगत ठेवायचे. दोन-तीन आठवड्यांत छत्राच्या मध्यातून मुळे आणि कोंब फुटतात.

पाणकणसाच्या जागी पिकरेल, म्हणजे पाँटेडेरिया कॉर्डाटा. निळी-जांभळी कणसे, मधमाश्या भरपूर. ‘ही जलपर्णीचीच बहीण ना?’ अशी शंका आली होती आणि ती खरी आहे. वनस्पतिशास्त्रात आता जलपर्णीलाही पाँटेडेरिया प्रजातीतच घेतात. पण पिकरेल तरंगत नाही, कुंडीत मुळे धरून राहते आणि नदीभर पसरण्याची ती रीत तिच्यात नाही. तिला २० सेंटिमीटरपर्यंत पाणी चालते. तरी सुरुवात दोन थरांवर, १२ सेंटिमीटरने. पाने ४० सेंटिमीटर झाल्यावर ऑगस्टमध्ये एक थर काढला.

कर्दळ फक्त दोन, ४० सेंटिमीटर रुंद आणि २५ उंच टबांत, दोन थरांवर, मानेवर ७ सेंटिमीटर पाणी. उत्तरेच्या भिंतीलगत, म्हणजे व्हरांड्यातून मागे दिसते, इतरांवर सावली पडत नाही आणि वाऱ्याला आडोसा मिळतो. बागेतली कर्दळ कोरड्या मातीतून एकदम बुडवू नये, तिची जुनी मुळे सडतात. आधी दहा दिवस टब बाहेर ठेवून माती चिखल होईल एवढे पाणी, मग दहा दिवस मातीबरोबर पाणी, मग तळ्यात. पाने नसलेला सुप्त कंद तर कधीच नाही.

जलब्राह्मी ४५ बाय ३० च्या १० सेंटिमीटर उंच ट्रेमध्ये. चार थर विटा आणि वर ३ सेंटिमीटरची शहाबादी फरशी, असे करून वर ३ सेंटिमीटर पाणी. दहा सेंटिमीटरच्या काड्या, खालची पाने काढून, पाच-पाच सेंटिमीटरवर तिरक्या खोचल्या. चार थरांची चळत डुगडुगते, म्हणून दोन चळती शेजारी आणि थर एकाआड एक आडवे-उभे.

कडुनिंबाच्या सावलीतला कोपरा रानअळूला, तीन थरांवर. मंडूकपर्णी तळ्यात नाहीच. काठाबाहेर, ओव्हरफ्लोचे पाणी झिरपते तिथे लावली आणि ती तिथे खूश आहे. एकूण टब नऊ, पूर्वी चौदा होते. पायरीचा दोन-तृतीयांश भाग रिकामा दिसतो म्हणून मालक नाराज होते. ऑक्टोबरपर्यंत तो रिकामा राहिला नाही.

टब भरताना आणि उतरवताना

भिजलेला ४० सेंटिमीटरचा टब, २५ लिटर मातीचा, जमिनीवर ४५ किलोच्या आसपास भरतो. तो उचलून पाण्यात सोडणे म्हणजे पाठ आणि कागद दोन्ही धोक्यात. पाणी निम्मे उपसलेले असतानाच टब विटांवर मांडून तिथेच भरले.

तळाशी १० सेंटिमीटर माती, हाताने दाबून. त्यावर मंद गतीने विरघळणारे दाणेदार खत, १० लिटर मातीला ५ ग्रॅम, वर्तमानपत्राच्या पुडीत गुंडाळून. मग उरलेली माती, झाड, पुन्हा दाबणे. पृष्ठभागावर दोन सेंटिमीटर ६ ते १० मिलिमीटरची धुतलेली काळ्या दगडाची खडी, झाडाची मान मोकळी ठेवून. खडीमुळे गोल्डफिश माती उकरत नाहीत. पांढऱ्या संगमरवरी चिप्स दिसायला सुंदर, पण त्या चुनखडीच्या जातीच्या, आणि बोअरचे पाणी आधीच जड असते.

युरिया किंवा डीएपी बुडालेल्या कुंडीत कधीच टाकू नये, काही तासांत ते पाण्यात असते. मंद खताच्या पाकिटावर ‘सहा महिने’ लिहिलेले असले तरी तो आकडा साधारण २१ अंश तापमानाचा असतो. आपल्याकडच्या गरम पाण्यात ते त्याआधी संपते. कर्दळ आणि पिकरेलला सप्टेंबरअखेर पुन्हा पुडी दिली, बोटाने १० सेंटिमीटर खोल दाबून. वेखंड आणि ब्राह्मीला नाही.

माती आधी पाणी घालून बुडबुडे थांबेपर्यंत मुरवली. कोरडी माती बुडवली तर आतली हवा एकदम बाहेर येते आणि खडीसकट माती उसळते. मग नळीचे तोंड एका बादलीत ठेवून, बादली भरून वाहील अशा बेताने, तीन दिवसांत तळे भरले. नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशांना बाधते, थोडे थोडे भरले की ते उडून जायला वेळ मिळतो. मासे चौथ्या दिवशी परत.

वर्षभरात काय झाले

दुसऱ्या आठवड्यात पाणी पुन्हा हिरवे झाले आणि फोन आला. काही करू नका, हे उत्तर. नवी माती, नवे पाणी, झाडांची मुळे अजून लहान. सहाव्या आठवड्यात तळ दिसू लागला. या काळात पाणी बदलत राहिले तर दर वेळी नवी अन्नद्रव्ये येतात आणि हिरवेपण लांबते.

जुलैमध्ये ब्राह्मीच्या ट्रेमध्ये लव्हाळा उगवला. चाळणीतून निसटलेल्या बारीक गाठी. तीन सेंटिमीटर पाण्याने त्याला काही होत नाही. पुरात वाचणारे गवत ते. वरून उपटला की गाठ खाली राहते, म्हणून दोन बोटे खडीखाली घालून गाठीसकट काढावा लागतो. चार वेळा काढल्यावर ब्राह्मीने ट्रे झाकला आणि लव्हाळ्याला ऊन मिळेनासे झाले.

ऑगस्टमध्ये कर्दळीच्या पानांच्या सुरळ्या. आत पान गुंडाळणारी अळी. सुरळी चिमटीत दाबायची किंवा पान कापून टाकायचे. तळ्यावर कीटकनाशक नाही, विशेषतः सायपरमेथ्रिनच्या जातीचे तर अजिबात नाही, माशांना त्याचा अगदी थोडा अंशही पुरतो. निंबोळी तेलाचा तवंगही नको. रानअळूवर मावा आला, तो नळीच्या फवाऱ्याने पाण्यात पाडला आणि गप्पींनी खाल्ला. या अळूच्या वड्या करायच्या का, असे विचारले गेले. रानअळू घशाला खाजतो, आणि कुंडीत काय काय मिसळले आहे ते लक्षात घेता नाहीच.

गणपतीत घरच्या शाडूच्या मूर्तीचे विसर्जन तळ्यात झाले. शाडू इतकी बारीक असते की पाणी दिवसेंदिवस दुधाळ राहते, आणि ब्राह्मीच्या पानांवर तिचा लेप बसला. पुढच्या वर्षासाठी पिंप ठरले.

फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ. पाने बुडाली की पुन्हा तेच कुजणे. पंधरा दिवस जाळी ताणली, बाकीची रोज संध्याकाळी गाळणीने.

एप्रिलमध्ये आठवड्याला ५-६ सेंटिमीटर पाणी उडत होते. या तळ्यात एक सेंटिमीटर म्हणजे ८६ लिटर, म्हणजे आठवड्याला साडेचारशे-पाचशे. तीन थरांवरच्या वेखंडावर मुळात साडेचार सेंटिमीटर पाणी. आठवडाभर भरायचे राहिले की तो कोरडा. दोनदा तसे झाले आणि पानांची टोके करपली. मग टाकीत लावतात तसा फ्लोट व्हॉल्व्ह बसवला. तो रोज सात-आठ मिलिमीटरच पाणी घेतो, त्यामुळे क्लोरीनचीही काळजी उरत नाही. उथळ झाडे खोल पायरीवर उंच करून ठेवली की पातळीचा चढउतार पूर्वीपेक्षा जास्त जाणवतो, ही या उपायाची किंमत आहे. व्हॉल्व्ह जूनमध्येच बसवायला हवा होता.

छत्री गवताने मार्चमध्येच टबाची कड फोडली. मुळे इतकी ठासलेली की टब कापून काढावा लागला. त्याला दर वर्षी विभागायचे, वेखंड आणि पिकरेल दर दोन वर्षांनी, कर्दळ टबात कंद एकमेकांवर चढू लागले की. विभागणीनंतर सगळ्यांना पुन्हा एक थर उंच ठेवून सुरुवात.

राहिला पाणकणीस. पायरीच्या कोपऱ्यात घडीखाली तुटलेला एक तुकडा राहिला होता, त्याने सप्टेंबरमध्ये तीन पाती काढली. तो उपटताना कागद फाटण्याचा धोका, म्हणून पाती पाण्याच्या १० सेंटिमीटर खाली कात्रीने कापली. पोकळ पातीत पाणी शिरते, मुळांची हवा बंद होते. तीन आठवड्यांनी पुन्हा एक पात आली, ती तशीच कापली. त्यानंतर आली नाही. हीच गोष्ट उलट बाजूनेही लक्षात ठेवायची: जे झाड जगवायचे आहे त्याची जुनी पाने नेहमी पाण्याच्या वर हातभर सोडून कापायची, कर्दळीची तर हटकून. मालकांना फुलदाणीसाठी कणसे हवीच होती. त्यांचा पाणकणीस आता तळ्याबाहेर, गच्चीवरच्या ५० लिटरच्या बिनभोकांच्या टबात आहे, मातीवर १० सेंटिमीटर पाणी आणि आत चार गप्पी.